घाटाला लागण्याआधी गाडी ओळखून घ्या: साताऱ्यातल्या नव्या चालकांसाठी

साताऱ्यात नवी गाडी दारात आली की नारळ फुटतो, कंदी पेढे वाटले जातात आणि पहिल्याच रविवारी घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘चला, सज्जनगडला जाऊन येऊ.’ लायसन्स मिळून महिना झालेला नसतो आणि गाडी घाटाला लागलेली असते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच सोडायला, रिव्हर्स घ्यायला, हात दाखवायला शिकवतात. बोनेटखाली काय चाललंय हे मात्र कोणी सांगत नाही. ‘ते फिटर बघेल,’ इथंच विषय संपतो.

फिटर बघेलच. पण यवतेश्वरच्या वळणावर गाडीतून वाफ यायला लागते तेव्हा तो शेजारी बसलेला नसतो. तेवढ्या वेळेपुरतं आपल्याला कळायला हवं, म्हणून हा लेख. गाडी खोलायला शिकवण्याचा इरादा नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं: चढताना इंजिन तापतं, उतरताना ब्रेक तापतात, आणि दोन्ही वेळी ती उष्णता गाडीबाहेर गेली पाहिजे. घाटातल्या बहुतेक भानगडी ती नीट बाहेर न गेल्याने होतात.

शक्य असेल तर गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन थंड असू द्या आणि ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल बाहेर काढा. प्लास्टिकच्या पिशवीतून ते अजून निघालेलं नसेल, तर आज काढा. तुमच्याच गाडीचे आकडे त्यात आहेत, ते कोणत्याही लेखात सापडणार नाहीत.

पायरी १: बोनेट उघडा, हात लावू नका, नुसतं बघा

ड्रायव्हरच्या पायांजवळ डॅशबोर्डखाली एक खटका असतो, तो ओढला की बोनेट थोडं उचकतं. मग पुढून बोटं घालून दुसरी कडी सरकवायची आणि बोनेट दांडीवर टेकवायचं.

मधोमध इंजिन. एका बाजूला बॅटरी. पुढे जाळीमागे रेडिएटर आणि त्याचा पंखा. आता प्लास्टिकच्या टाक्या शोधा. एकीत हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणी दिसेल, ते कूलंट. मागच्या भिंतीला लागून, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला, एक छोटी टाकी असते, ती ब्रेक ऑइलची. झाकणावर काचेचं आणि फवाऱ्याचं चित्र असलेली टाकी वायपरच्या पाण्याची. आपण नळाचं पाणी बिनधास्त टाकावं अशी ही एकच टाकी. बाकीच्या टाक्यांमध्ये अंदाजाने काहीही ओतायचं नाही. पिवळ्या किंवा केशरी कडीची एक पट्टी इंजिनमध्ये खोचलेली दिसेल, ती ऑइल बघायची पट्टी.

एवढं ओळखता आलं की पहिली पायरी झाली.

पायरी २: इंजिन आत काय करतं

सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. तो खाली जाताना हवा आणि इंधन आत येतं, वर येताना ते दाबलं जातं, मग पेट घेतं आणि पिस्टनला जोरात खाली लोटतं, आणि पुन्हा वर येताना जळलेला वायू बाहेर जातो. या चार हालचालींमुळे त्याला फोर-स्ट्रोक म्हणतात. चारांपैकी ताकद देणारी हालचाल एकच, बाकीच्या तीन तिच्या जिवावर होतात. मीटरवर ३००० आरपीएम (मिनिटाला इंजिनचे फेरे) दिसतंय तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा जाळ होत असतो. पिस्टनची ही वरखाली हालचाल क्रँकशाफ्ट फिरती करतो आणि तिथून ताकद क्लचकडे जाते.

पेट्रोल इंजिनमध्ये स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नसते. तिथे हवाच इतकी दाबली जाते, साधारण सोळाव्या-सतराव्या भागाइतकी, की ती तापून डिझेल फवारताच पेटतं. म्हणून डिझेल इंजिन जड, आवाजाला खरखरीत, पण कमी आरपीएमला ओढायला दमदार.

साताऱ्यातल्या जुन्या पिढीशी बोलताना एक गोंधळ हमखास होतो. इथल्याच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून निघालेली प्रिया स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची सवय होती. ते टू-स्ट्रोक इंजिन होतं, त्यात ऑइल पेट्रोलबरोबर जळणारच, आणि थोडा धूर येणारच. कारमध्ये तसं नाही. इथे ऑइल वेगळं फिरतं आणि ते जळता कामा नये. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय असं समजा. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडू नका. गडद काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. थंडीतल्या सकाळी पांढरी वाफ थोडा वेळ येते, ती निव्वळ पाण्याची. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय.

इंजिनला एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तिथे समुद्रसपाटीच्या मानाने हवा आठव्या भागाने विरळ असते. त्यामुळे टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली लहान गाडी पाचगणीच्या पुढे थोडी मंद वाटते, तो तिचा दोष नाही. चार माणसं, डिकीत सामान आणि वर एसी चालू असेल तर पिकअप आणखी पडतो, कारण एसीचा कॉम्प्रेसरही त्याच इंजिनवर फिरतो. चढाला एसी बंद करून काच खाली करा, फरक लगेच जाणवेल.

आणि जळलेल्या इंधनाचं होतं काय? चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी ताकद चाकांच्या कामाला येते. बाकीची उष्णता. ती सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते.

पायरी ३: कूलंट आणि ऑइल

दर पंधरा दिवसांनी बघायच्या या दोन गोष्टी. दोन्हींना मिळून पाच मिनिटं पुरतात.

कूलंट इंजिनच्या भिंतींमधून फिरतं, तिथली उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये येऊन हवेला देतं आणि परत जातं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरचा रस्ता बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. ८०-९० अंशांच्या आसपास ती उघडते. गाडी उभी असताना वारा लागत नाही, तेव्हा पंखा लागतो. गाडी बंद केल्यावरही पंखा काही वेळ घोंगावत राहिला तर घाबरू नका, तो त्याचं काम करतोय.

टाकीवर दोन खुणा असतात, थंड इंजिनला पातळी त्यांच्यामध्ये हवी. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलंच कूलंट टाका. बोअरचं पाणी टाकायची सवय आपल्याकडे फार. त्या पाण्यातला क्षार आत थरांनी बसतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होतात, आणि दोन वर्षांनी मे महिन्यात त्याचं बिल येतं. कूलंट नुसतं रंगीत पाणी नव्हे. ते गंज रोखतं आणि पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं.

घाटात काटा वर चढू लागला तर:

एसी ताबडतोब बंद करा. मग हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावा. आतले लोक ओरडतील, ओरडू द्या. हीटरमध्येही गरम कूलंटच फिरतं, त्यामुळे इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाते. तरीही काटा लाल पट्ट्यात गेला किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. वाफ येत नसेल तरच बोनेट उघडा, आणि अर्धा-पाऊण तास काहीही करू नका.

या वेळेत रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडायचा मोह होईल, कारण कोणीतरी शेजारी थांबून पाण्याची बाटली पुढे करेलच. उघडू नका. आत दाब असतो. झाकण सैल होताच दाब पडतो आणि शंभर अंशांच्या वर तापलेलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. नळी हाताला सोसवेल इतकी निवल्यावर, झाकणावर जाड फडकं टाकून, थोडं थोडं सोडत उघडायचं. तेव्हा दुसरं काही नसेल तर साधं पाणी घालून हळूहळू गॅरेज गाठा.

आता ऑइल. गाडी सपाट, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी बाहेर ओढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर ऑइल उडालेलं असतं, ती वाचण्यात अर्थ नाही. टोकाजवळ दोन खुणा किंवा दोन भोकं दिसतील, ऑइलची ओली रेघ त्यांच्यामध्ये हवी. बोटावर थोडं घेऊन चोळा. काळं असेल तर लगेच वाईट समजू नका. डिझेलमध्ये तर नवं ऑइलही काही दिवसांत काळं पडतं, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. कणकण लागत असतील तर फिटरला दाखवा. आणि चहात दूध घातल्यासारखा रंग दिसला तर गाडी चालवू नका, ऑइलमध्ये कूलंट मिसळलंय.

खुणेच्या वर भरणंही चूक. जास्त ऑइल क्रँकशाफ्टच्या फिरण्यात घुसळलं जातं, फेस होतो, आणि फेसाने पार्टना वंगण मिळत नाही.

चालत्या गाडीत ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर तिथेच थांबायचं. ‘लिंब फाट्यापर्यंत नेऊ, तिथं गॅरेज आहे’ हा विचार इंजिन जाम होण्याचा सरळ रस्ता. कूलंटचं दुखणं काही मिनिटं सवलत देतं, ऑइलचा दाब गेला की तेवढीही मिळत नाही.

पायरी ४: क्लच आणि गिअर, म्हणजे चढ

इंजिन सतत फिरत असतं, चाकं कधी थांबलेली असतात. दोघांना जोडायला आणि सोडवायला क्लच. इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, एक क्लच प्लेट प्रेशर प्लेटने दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की ती सुटते, सोडलं की चिकटते. मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचवर, प्लेट घासत असते. गाडी उचलताना एक-दोन सेकंद हे होणारच. पण बोगद्याच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी मागे जाऊ नये म्हणून हाफ क्लच आणि ॲक्सिलरेटरवर ती तोलून धरणं म्हणजे प्लेट जाळणं. जळका, उग्र वास येतो, तो त्याचाच.

चढावर थांबायचं तर हँडब्रेक ओढा. निघताना पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत गाडीचं नाक किंचित उचललं जाईपर्यंत आणा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, मग हँडब्रेक सोडा. रिकाम्या चढावर आठवडाभर सकाळी हे करून बघा; मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना शिकणं अवघड जातं.

गिअरचं गणित सोपं आहे. लहान कारमध्ये पहिल्या गिअरला इंजिनचे साधारण तेरा-चौदा फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. शेवटच्या गिअरला इंजिनचे तीनेक फेरे पुरतात. खालच्या गिअरला वेग कमी, ओढ जास्त. चढाला गाडी घरघरायला, हादरायला लागली तर ॲक्सिलरेटर आणखी दाबून उपयोग नाही, गिअर खाली घ्या. नव्या चालकांना आरपीएम वाढला की इंजिनवर अन्याय होतोय असं वाटतं. उलट वरच्या गिअरला रेटत नेणंच त्याला जड जातं. पसरणीच्या घाटात दुसऱ्या गिअरला २५००-३००० आरपीएमवर गाडी शांतपणे चढते, चढू द्या.

पायरी ५: ब्रेक

इथे जरा थांबतो, कारण घाटात जीव जातो तो इथे.

तुम्ही पेडल दाबता तेव्हा पायाचा जोर बूस्टर वाढवतो, मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल नळ्यांमधून ढकलतो, आणि त्या दाबाने चाकाजवळचे पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. मागच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत ड्रम असतात, तिथे आतले ब्रेक शू बाहेर फाकून ड्रमला घासतात. पुढे डिस्क देण्याचं कारण असं, की ब्रेक मारताच गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं जास्त काम पुढच्या चाकांवर येतं.

ब्रेक वेगाची उष्णता करतात. किती, ते बघा. माणसांसह १२०० किलोची गाडी कासच्या पठारावरून साताऱ्यात उतरते तेव्हा साधारण ५०० मीटर खाली येते. तेवढ्या उंचीची सगळी ऊर्जा जर ब्रेकनीच खाल्ली, तर तिच्यावर सतरा-अठरा लिटर थंड पाणी उकळेल. अंघोळीच्या बंबात हे काम तासभर जाळ घालून होतं. इथे ते चार-पाच किलोच्या दोन लोखंडी चकत्या आणि मागच्या दोन ड्रमवर पडतं, तेही काही मिनिटांत.

मग दोन गोष्टी होतात. पॅड इतके तापतात की डिस्कवर त्यांची पकड कमी होते. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी त्याहून वाईट. उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, ते उकळतं आणि नळीत बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, म्हणून पेडल मऊ पडून थेट खाली जातं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरू शकतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला, ओलीची काय कमी! म्हणून पातळी ठीक दिसत असली तरी साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्या. सर्व्हिसच्या यादीत हे काम लोक सर्रास गाळतात, आणि मला ते सगळ्यात महागात पडणारं गाळणं वाटतं.

गॅरेजमध्ये मेस्त्री चाक उतरवतो तेव्हा शेजारी उभे राहा. एकदा एका गिऱ्हाइकाला मेस्त्री पॅड दाखवत होता. पॅड खरखरीत असायला हवा, तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता, नखाने ओरखडा उठत नव्हता. डिस्कवर निळसर डाग पडलेले. ‘दादा, कुठं गेला होता?’ ‘प्रतापगडाला.’ ‘उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आला नव्हं?’ गिऱ्हाईक गप्प. पॅडची जाडी अजून निम्मी शिल्लक होती, पण पॅड कामातून गेले होते.

तर मग उतरायचं कसं?

घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्याआधीच, गिअर खाली घ्या. एसटीचे जुने चालक सांगतात तो ठोकताळा पक्का आहे: ज्या गिअरला चढलो, त्याच गिअरला उतरायचं. ॲक्सिलरेटर सोडला की चाकं इंजिनला फिरवू लागतात आणि इंजिन गाडीला मागे धरतं. त्याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. वेग तरीही वाढला तर वळणाआधी ब्रेक ठामपणे दाबून कमी करा आणि पाय काढून घ्या, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागेल. हलका पाय सतत ठेवून उतरणं सौम्य वाटतं, ब्रेक भाजतात ते त्यानेच.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हरवर एल, २ किंवा एम लिहिलेलं बघा, खालचा गिअर धरून ठेवायला ते असतं. नुसत्या डी मध्ये ठेवून अख्खा घाट उतरू नका.

न्यूट्रल टाकून उतरल्याने पेट्रोल वाचतं, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की कॉम्प्युटर इंधन पूर्ण बंद करतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळत राहतं, लहान गाडीत तासाला अर्धा-पाऊण लिटरच्या आसपास. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोलही जातं आणि इंजिनचा धरही सुटतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूला उतरताना लागणाऱ्या एस वळणाने वर्षानुवर्षं जे अपघात पाहिले, ते आठवले तर उतारावर ताबा सुटलेलं वाहन काय करतं हे वेगळं सांगायला नको.

इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून घातक. बूस्टर चालू इंजिन हवा खेचतं त्या ओढीवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा ब्रेक नीट लागेल, मग पेडल दगडासारखं होईल. पॉवर स्टिअरिंग जड होईल. आणि चावी काढलीत तर स्टिअरिंग लॉकच.

पेडल खरंच मऊ पडलं तर भराभर तीन-चारदा पंप करा, थोडा दाब परत येऊ शकतो. गिअर एकेक खाली आणा. हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. वेळ आलीच तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला, चर किंवा बांध बघून गाडी घाला. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते किंवा तडकते. अर्धा तास वारा खाऊ द्या.

पायरी ६: टायर, स्टिअरिंग, शॉकअप

प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढ्या जागेत. वरची सगळी यंत्रणा तेवढ्यावर उभी आहे.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, बहुतेक कारना ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान. पंपावरचा मुलगा सरसकट ३५ भरतो, त्याला तुमचा आकडा सांगा. टायर थंड असताना, महिन्यातून एकदा. नायट्रोजनसाठी जादा पैसे देऊ नका असं माझं मत. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो.

टायरच्या नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे फक्त १.६ मिलिमीटर उरली, टायर बदला. कासच्या हंगामात रस्ता ओला, धुकं आणि वर गर्दी. पावसाळ्याआधीच टायर बघून घेतलेले बरे. बाजूवर चार आकडे सापडतील, उदाहरणार्थ २३२४, म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. जुनी गाडी घेताना हे पहिलं बघा.

हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते. महामार्गाला ८०-९०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा चाकांचं बॅलन्सिंग बिघडलंय. गतिरोधकावर खडखड येत असेल तर चाकाजवळच्या जोडांचे बुश, लिंक रॉड किंवा धक्के जिरवणारे शॉकअप. गाडीचा एक कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा. एक-दीड हेलकाव्यात स्थिर झाली पाहिजे.

पायरी ७: बॅटरी आणि डॅशबोर्डचे दिवे

बॅटरी सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, ताकद देते, एकदा इंजिन चालू झालं की अल्टरनेटर सगळी वीज पुरवतो आणि बॅटरीही भरतो. जुने मेस्त्री त्याला अजून डायनामो म्हणतात. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना १४च्या आसपास. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर चार्जिंग होत नाही. दिवे, एसी, म्युझिक बंद करून गॅरेज गाठा. सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलीय.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायची तर क्रम असा: लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला; काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट.

लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. वेग उतरवा आणि थांबा.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या डिझेल कारमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला सायलेन्सर बराच वेळ गरम राहावा लागतो. घर ते राजवाडा, राजवाडा ते घर एवढंच फिरणारी डिझेल गाडी हा फिल्टर तुंबवून घेते. अधूनमधून महामार्गाला उंब्रजपर्यंत एक फेरी मारा. रोजचं फिरणं गावातल्या गावात असेल तर मुळात पेट्रोल घ्या.

पायरी ८: फिटरशी बोलणं

‘गाडी नीट चालत नाही’ म्हणू नका. कधी होतं ते सांगा: सकाळी पहिल्यांदा की गरम झाल्यावर, कितव्या गिअरला, कोणत्या वेगाला, ब्रेक दाबताना की वळताना, आवाज कोणत्या बाजूने. आवाज येत असेल तेव्हा शेजारच्याला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. कोणता पार्ट खराब झालाय याचा निदान-निवाडा आपण करू नये, नाहीतर सांगितला तोच पार्ट बदलला जातो आणि खडखड तशीच घरी येते. बदललेला जुना पार्ट दाखवायला सांगा. चांगला मेस्त्री स्वतःहून हातात देतो.

ऑइल, कूलंट, हवा, वायपर, फ्यूज, टर्मिनल साफ करणं हे घरी करा. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून करायचं कोणतंही काम घरी करू नका.

आणि बोनेट बंद करून झाल्यावर डिकीही उघडा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक, पाना आणि त्रिकोण जागेवर आहेत का, अलॉय व्हील असतील आणि त्यांच्या नटला लॉक असेल तर त्याची किल्ली गाडीतच आहे का ते बघा. घराच्या अंगणात एक चाक उतरवून पुन्हा चढवा. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. चढवताना समोरासमोरचे नट आवळत जायचं, आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा पाना लावून बघायचं.